विस्थापन शून्य

पंचमीसाठी हेमांगीला न्यायला तिचे काका मुराळी म्हणून आले होते. लग्नानंतरची ही तिची पहिलीच माहेरची फेरी. पण सासरे त्र्यंबकराव पडले भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक; नुसत्या ‘हो’वर त्यांचं भागेल कसं?

“सरळ रस्त्याने जाणार आणि त्याच रस्त्याने परत येणार,” ते मिशीत हसले. “निघालीस तिथेच पोचलीस, की विस्थापन शून्य! शास्त्राच्या हिशेबी तू जागची हललीच नाहीस. मग जायचं कशाला, सूनबाई?”

काका कसनुसं हसले. हेमांगीने मात्र शांतपणे पिशवी उचलली.

“खरंच की, बाबा. आणि हललेच नाही, तर परवानगी तरी कशाची मागू?”



“जा गं तू!” आतून सासूबाई म्हणाल्या. “ह्यांना चहा हवासा वाटला, की सांगेन, सून घरातच आहे, तिच्याकडेच मागा.”