मोटेच्या कातड्याचा अंगरखा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती, आणि तरीही माणसं वेळेवर पोचत असत म्हणे. मला काही ते पटत नाही, पण गोष्ट मात्र खरी मानून ऐका. लहानांनी ऐका, आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे असं समजणाऱ्या मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका डोंगराळ राज्यात सगुणा नावाची गाडीवान बाई राहायची. डोंगरातल्या सात वाड्यांतून माणसं गोळा करायची, बैलगाडीतून त्यांना राजाच्या नगरात न्यायचं आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायचं, हे तिचं रोजचं काम. कुणाला वैद्याकडे जायचं असे, कुणाला सुईणीकडे, कुणाला नुसतं मीठ-मिरची आणायला. वाड्यांना दुसरी गाडी नव्हती. सगुणाची गाडी बंद पडली, तर आजारी माणसाला पाठीवर घेऊन डोंगर उतरण्याशिवाय इलाज नव्हता.

त्या राज्यात गाडीला अंगरखा घालायची रीत होती. अंगरखा म्हणजे गाडीच्या दोन्ही अंगांना, चाकं निम्मी झाकतील असं लावलेलं आवरण. चाकातून उडणारा चिखल आणि खडे माणसांच्या अंगावर येऊ नयेत, म्हणून तो असायचा. पण राजाला आपल्या नगराच्या देखणेपणाची भारी हौस. त्याने हुकूमच काढला होता की, फुटक्या-तुटक्या अंगरख्याची किंवा बिनअंगरख्याची गाडी वेशीच्या आत येता कामा नये.

वेशीवर एक नाईक बसायचा. नवा अंगरखा पसंत पडला की तो त्यावर राजाचा शिक्का उठवायचा. पुढे अंगरखा फुटला की शिक्का रद्द आणि गाडी वेशीबाहेर. नाईक माणूस वाईट नव्हता. फक्त हुकमापलीकडे एक पाऊल टाकायला तो कधी धजत नसे.

सगुणाच्या गाडीचा जुना अंगरखा गोणपाटाचा होता. तो पार जीर्ण झाला, तेव्हा ती नगरातल्या लाखाऱ्याकडे गेली. तागाच्या कापडाचे पदर एकावर एक ठेवून, त्यात लाख आणि राळ मुरवून तो अंगरखे बनवायचा. वजनाला हलके, वळणाला सुबक, आणि चकाकी अशी की गाडीच्या अंगात माणसाला आपलं तोंड दिसावं. नगरातल्या सगळ्या मानाच्या गाड्यांना त्याचेच अंगरखे होते.

"रंग कुठला देऊ?" लाखाऱ्याने विचारलं.

"डाळिंबी," सगुणा म्हणाली. खोटं कशाला सांगू, तिलाही मिरवायची हौस होतीच. वाड्यांची गाडी म्हणजे मळकी गाडी, असं नगरातले लोक आजवर हसत आले होते.

अंगरखा चढला. नाईकाने कौतुकाने शिक्का उठवला. दोन दिवस सगुणा मान ताठ करून गाडी हाकत होती.

तिसऱ्या दिवशी गाडीत कोष्ट्याची सून होती. तिचे दिवस भरले होते आणि कळा सुरू झाल्या होत्या. शेजारी तिची सासू बसलेली. वाटेत दगडांचा ओढा लागतो, तिथे चाकाखालून एक गोटा उडाला आणि आतल्या बाजूने अंगरख्यावर बसला. काडकन आवाज झाला. लाखेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. पुढच्या खडकाला गाडी घासली, तेव्हा तर अर्धा अंगरखा कवचीसारखा निखळून पडला.

"गाडी आत जायची नाही," वेशीवर नाईक म्हणाला.

"नाईक, बाई अडलीय. आजच्या दिवस सोडा."

"माणसं जाऊ देत. गाडी नाही. हुकूम माझा नाही, राजाचा आहे."

वाद घालायला वेळ नव्हता. सगुणा आणि ती सासू, दोघींनी घोंगडीची झोळी केली आणि सुनेला उचलून सुईणीच्या घराकडे धावल्या. घर गाठता आलं नाही. भर बाजारात, फुलवाल्यांच्या छपराखाली मुलगी जन्मली. सुईण धापा टाकत तिथे पोचली, आणि मायलेकी दोघी वाचल्या.

सगळे म्हणाले, देव पावला. सगुणाला मात्र लाज वाटली. देवाला पावायची वेळ आपणच आणली, हे तिला कळत होतं. परतीच्या वाटेवर तिने मनाशी ठरवलं, की या रस्त्याला पुरून उरेल असा अंगरखा सापडेपर्यंत आपण थांबायचं नाही.

पहिल्यांदा ती सुताराकडे गेली.

"किती जाड फळी लावू?" सुताराने विचारलं.

"लागेल तेवढी जाड लावा, पण फुटता कामा नये."

सुताराने सागवानी फळ्या ठोकल्या. त्या फुटल्या नाहीत, हे खरं. पण चढावर बैलांच्या तोंडाला फेस आला. आणि ओढ्यातल्या खडकाला गाडी धडकली, तेव्हा फळी जराही हलली नाही, सगळा धक्का आसाला बसला आणि आसच मोडला. सगुणाने फळ्या काढून ठेवल्या. मग तिने तांबटाच्या दारात उभं राहून पितळी पत्र्यावर हातोडीचा एक टोला मारून पाहिला. पत्रा फुटला नाही, पण चेपला तो चेपलाच. चार दिवसांत गाडीला देवीचे व्रण उठल्यासारखं दिसेल, असं मनात म्हणत ती तिथूनच माघारी फिरली.

इकडे सात वाड्या अडून बसल्या होत्या. बिनअंगरख्याची गाडी वेशीपर्यंतच जायची आणि पुढे आजाऱ्यांना सगुणा खांद्यावर नेऊन पोचवायची. तिचा खांदा सुजला. बायका म्हणाल्या, "सगुणाक्का, आता लाखेचाच दुसरा करून घे. महिना दोन महिने तर निघतील." ती म्हणाली, "ज्या दिवशी फुटेल, त्या दिवशी गाडीत कोण असेल, ते सांगता का मला?"

एक दिवस बैलांना पाणी पाजायला ती एका मळ्यात थांबली. विहिरीवर मोट, म्हणजे पाणी उपसायची कातडी पिशवी, चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली जायचे तशी भरलेली मोट वर यायची, आणि वर येताना दर खेपेला विहिरीच्या दगडी भिंतीवर धप्प आपटायची. कातडं आत दबायचं आणि लगेच पूर्ववत फुगायचं. सगुणा तिथेच बसून राहिली. बैलांचं पाणी पिऊन झालं, त्यांनी वैरण खाल्ली, ते कंटाळूनही गेले, तरी ही आपली मोटेकडे बघतेय.

"ही मोट किती वर्षांची?" तिने मोट हाकणाऱ्याला विचारलं.

"सहावं चालू आहे. मानाजीबाबाच्या हातची आहे."

मानाजीबाबा पलीकडच्या गावी मोटा शिवायचा. सगुणा तशीच त्याच्याकडे गेली. म्हाताऱ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. रंग विचारला नाही, जाडीही विचारली नाही.

"पोरी, तुझी गाडी आपटते कुठं?" त्याने विचारलं.

"ते ठाऊक नाही, बाबा," सगुणा म्हणाली. इतकी वर्षं ती गाडी हाकत होती, पण तिचं तोंड कायम पुढे. मागे चाकांपाशी काय होतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"मग मी येतो की उद्या," बाबा म्हणाला. "मोट शिवायची तर मी आधी विहीर बघतो. गाडीचं काय वेगळं असणार?"

दुसऱ्या दिवशी मानाजीबाबा गाडीत मागे तोंड करून बसला. हातात गेरूचा खडा. जिथे जिथे गोटा उडाला, जिथे खडक घासला, तिथे तिथे त्याने गाडीच्या अंगावर खुणा केल्या. नगर येईपर्यंत गाडी खुणांनी भरून गेली आणि बाबाची कंबर धरली.

मग त्याने म्हशीचं कमावलेलं कातडं काढलं. करंजाच्या तेलात मुरवलं. खुणा होत्या तिथे दोन पदर घेतले, बाकी ठिकाणी एकच. आणि अंगरखा गाडीला खिळ्यांनी ठोकला नाही, तर कातडी वाद्यांनी थोडा सैल बांधला.

"खिळ्याला कातडं फाटतं," तो म्हणाला. "सैल राहिलं की दबतं आणि परत येतं. पण ऐक, हे चकाकणार नाही. आणि दर आठ दिवसांनी तेल पाजावं लागेल. कंटाळा केलास तर वाळून चिरेल, मग माझ्या नावानं बोटं मोडू नकोस."

"मोडणार नाही, बाबा," सगुणा म्हणाली.

वेशीवर नाईकाने तो मळखाऊ, काळपट अंगरखा बघून नाक मुरडलं. "हे काय आणलंस, बाई? गाडी आहे की पाण्याची पखाल? याला शिक्का कसा देऊ मी?"

"आज देऊच नका," सगुणा म्हणाली.

नाईक गोंधळला. शिक्का नको म्हणणारं माणूस त्याने प्रथमच पाहिलं होतं.

"लाखेच्या अंगरख्याला तुम्ही पहिल्या दिवशी शिक्का दिलात आणि तो तीन दिवसांत फुटला. याला पावसाळा संपल्यावर द्या. तोवर रोज तपासा आणि रोज आत सोडा. एक दिवस जरी तडा दिसला, तरी मी जन्मात या वेशीत गाडी आणणार नाही."

गाडीतली माणसं चपापली. नाईकाने बराच विचार केला. अंगरखा फुटका नव्हता, तेव्हा हुकूम काही मोडत नव्हता. तो हो म्हणाला.

मग पावसाळा आला आणि रस्त्याने आपले गुण दाखवले. ओढा फुगला, दरडीचे दगड वाटेवर आले, चिखलात चाकं रुतली. सगुणाने एकही फेरी चुकवली नाही. आठवड्याच्या आठवड्याला ती हात कोपरापर्यंत तेलात बुडवून कातडं चोळायची. नाईक रोज वाकून बघायचा, बोटाने दाबायचा, खरवडून पाहायचा. ओरखडे खूप दिसत, पण तडा एकही दिसेना.

पावसाळा संपायला एकच दिवस राहिला. त्या दिवशी ओढ्यापाशी, दोन खडकांमधल्या अरुंद वाटेवर, मागून एक गाडी घाईघाईने आली. नवीकोरी, मोरपंखी रंगाची, लाखेच्या अंगरख्याची. गाडीवानाला धीर नव्हता. त्याने शेजारून गाडी घुसवली आणि दोन्ही गाड्या अंगाला अंग घासून आपटल्या. सगुणाने डोळे मिटून घेतले. सात वाड्यांची वाट त्या एका धक्क्यावर अवलंबून होती, आणि ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

डोळे उघडले, तेव्हा मोरपंखी तुकडे ओढ्यातून वाहत चालले होते. सगुणाच्या अंगरख्यात केवढा तरी खळगा पडला होता. ती बघत राहिली. खळगा हळूहळू भरून आला आणि कातडं पुन्हा जागेवर बसलं.

दोन्ही गाड्या मागोमाग वेशीवर आल्या. नाईकाने सगुणाच्या अंगरख्यावरून हात फिरवला, मोरपंखी रंगाचा ओरखडा पाहिला आणि मागच्या गाडीकडे वळला. वळला आणि त्याचा चेहराच उतरला. मागची गाडी त्याच्याच घरची होती. आत त्याची आई बसली होती. त्या अंगरख्यावर त्याने स्वतःच परवा शिक्का उठवला होता.

"काय रे," आई म्हणाली, "आता मला आत सोडतोस की नाही?"

नाईकाने खाली मान घातली. "माणसं जाऊ देत, आई. गाडी नाही."

म्हातारीचे गुडघे धरलेले. घर वेशीपासून लांब. ती खाली उतरली, काठी टेकत पुढे आली आणि सगुणाच्या गाडीत चढायला लागली. सगुणाने तिला हात दिला.

"चल ग बाई," म्हातारी म्हणाली. "माझ्या लेकाला चकाकी तपासता येते. तू मला घरी सोड."

नाईकाने त्याच क्षणी, एक दिवस आधीच, सगुणाच्या अंगरख्यावर शिक्का उठवला. जन्मात पहिल्यांदा त्याने ठरल्या वेळेआधी काही केलं. संध्याकाळी तो राजापुढे उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून राज्यात नवा नियम झाला: एक पावसाळा रस्त्यावर काढल्याशिवाय कुठल्याही अंगरख्याला कायमचा शिक्का नाही.

तात्पर्य: जी वस्तू रोज वापरायची, ती तिच्या चकाकीवर भाळून घेऊ नये, तिला रोज कुठे आणि कसा धक्का बसणार आहे, ते पाहून निवडावी.