ऐंशीचं बीपी

"वरचं बीपी ऐंशी होतं, सर. सलाईन सोडायचं नाही, तर काय बघत बसायचं?"

डॉक्टर इंद्रजित हे तिसऱ्यांदा विचारत होता. सुवर्णपदक घेऊन तो डोंगराकडच्या या रुग्णालयात आला, त्याला महिनाच झाला होता. इथले जुने सर्जन हर्डीकर सर अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते.

सरांनी पाइप पुढच्या आळ्यात सरकवला.

काल सकाळी दगडखाणीतून हणमंतला आणलं होतं. मांडी फाटलेली. सोबत्यांनी पंचा करकचून आवळला होता, म्हणून रक्त थांबत आलं होतं. हणमंत आपलं नाव, गाव पुन्हापुन्हा सांगत होता. इंद्रजितनं त्याला गप्प केलं. मनगटाला हात न लावता स्क्रीन पाहिला आणि दोन्ही हातांची सलाईनं पूर्ण सोडली.

आकडा एकशेवीसवर गेला. पंच्याखालून चिळकांडी उडाली.

सरांनी लगेच आत घेऊन शीर बांधली. रक्ताच्या सात पिशव्या चढल्या. आज श्वासाची नळी निघाली होती, पण हणमंत अजून एक शब्द बोलला नव्हता. मेंदूला रक्त कमी पडलं असेल, तर बोलणारही नाही... इंद्रजित रात्रभर झोपला नव्हता.

सरांनी पाइप त्याच्या हातात दिला. मध्ये एक भोक होतं, त्यावर चिंधी गुंडाळलेली. बारीक धारेत ती नीट बसली होती.

"नळ पूर्ण सोड."

त्यानं सोडला. चिंधी उडाली, इंद्रजित नखशिखांत भिजला.

"पदक कोरडं आहे ना?"

तो हसला नाही. नळ बंद करून म्हणाला, "पण ऐंशीवर माणूस तग धरून आहे, हे मला कळणार कसं?"

सर त्याला तसाच ओला आत, हणमंतच्या खाटेपाशी घेऊन गेले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी स्क्रीनवर टाकला आणि बाजूला उभे राहिले.

इंद्रजित गोंधळला. मग खाटेच्या कडेला बसला. हणमंतच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी लागली. बारीक, पण लागली.

"नाव काय तुमचं?"

...

"हणमंत." ओठ पुन्हा हलले. गावाचं नाव आलं.

इंद्रजितचे डोळे भरले. त्यानं वळून सरांकडे पाहिलं.

"कालही तो हेच सांगत होता," सर म्हणाले.