नव्या गाडीचे पेढे

रानातल्या पायवाटांचे नुकतेच रस्ते झाले होते, तेव्हाची ही गोष्ट. साळिंदरबाईंनी कोल्होबाच्या दुकानातून नवी गाडी घेतली आणि पहिल्याच वळणावर तिचं चाक किंचाळू लागलं. तक्रार केली की कोल्होबा गोड हसून म्हणे, "नवी गाडी बोलतेच हो! चालवा, आपोआप गप्प बसेल."

हेलपाटे घालून बाईंचे काटे उभे राहिले. मग त्यांनी पेढे आणले आणि दुकानासमोर गाडी फिरवत त्या येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटू लागल्या. "नव्या गाडीचे आहेत, घ्या! इथूनच घेतली!" चाक किंचाळे आणि गिऱ्हाईक पेढा खात माघारी फिरे.

दुपारच्या आत कोल्होबाने धावत येऊन चाक बदललं. बाईंनी शेवटचा पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"घ्या कोल्होबा. गाडी आज नवी झाली."