काचेतलं आभाळ

"आभाळ दिसेल तिकडे बेधडक उडायचं, उलट प्रश्न विचारायचा नाही," हा साळुंक्यांच्या थव्याचा नियम होता. तळ्याकाठच्या पिंपळावरच्या प्रत्येक पिल्लाला तो डोळे उघडण्याआधीच ऐकवला जाई. पहिल्या भरारीला पिल्लं पुढे जात आणि वडीलधारे फांदीवर बसून पाहत.

पुढे तळ्यासमोर नवं ग्रंथालय उभं राहिलं. त्याची दर्शनी बाजू जमिनीपासून गच्चीपर्यंत नुसती काच होती. त्या काचेत ढग दिसत, तळं दिसे, पिंपळही दिसे. तेव्हापासून तिच्या पायथ्याशी रोज एखादं पिल्लू मान मोडून पडलेलं सापडू लागलं.

"आजकालच्या पोरांच्या पंखांत दमच नाही," थव्यातले सर्वांत वडील कबरूआजोबा म्हणायचे.

आज पिंगी या तरुण साळुंकीच्या धाकट्या भावाची पहिल्या भरारीची पाळी होती. आजोबांनी चोचीने काचेकडेच खूण केली, तशी पिंगी भावाच्या आडवी आली.

"आजोबा, ते आभाळ खोटं आहे! काल मी तिकडे गेले, तर समोरून मीच येत होते. खऱ्या आभाळात तुम्ही कधी स्वतःला भेटलात?"

"फार शहाणी झालीस!" तिची आत्या कडाडली. "आम्ही काय आंधळे आहोत? हो बाजूला, उडू दे त्याला."

"नाही होणार. एवढी खात्री आहे ना? मग आधी तू उड, आत्या. आजोबा, तुम्हीही उडा. अगदी बेधडक."

भाऊ पिंगीच्या पंखाआड सरकला. आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काचेकडे पाहिलं. मग दोघांनीही पाय फांदीवर घट्ट रोवले.