पाठमोरा चितारी

एका राज्यात चिंचोरे नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा चितारी राहत होता. तो देवादिकांची चित्रं काढत नसे, राजाराणीचीही काढत नसे. नांगराला जुंपलेले बैल, पाणवठ्यावरच्या बाया, शेणानं सारवलेलं अंगण, जे समोर असेल ते काढी, आणि असेल तसंच काढी. बैलाचं शिंग मोडकं, तर चित्रातही मोडकं. सकाळी तो ओट्यावर शिवाराकडे तोंड करून बसे. पाठीमागे त्याची बायको सगुणा पाट्यावर रंग वाटत असे. हैबती मान न वळवता हात मागे करी, आणि सगुणा त्या हातावर रंगाची वाटी ठेवी. असा त्यांचा संसार चालला होता.

गावाबाहेर एका चिंचेखाली काळकंठ जादूगारानं सोन्याची कढई पुरून ठेवली होती. तिला हात लावू नये, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राजा वीरध्वजालाही ठाऊक होतं, तरी त्यानं ती उकरली. कढई वर आली आणि गाव नाहीसं झालं. घरं गेली, गुरं गेली, माणसं गेली. उरली पांढरीफटक जमीन आणि ती चिंच. हैबती डोंगरावर गेरू आणायला गेला होता, म्हणून तेवढा वाचला.

तो परतला तेव्हा राजा चिंचेखाली मान खाली घालून उभा होता. फांदीवर एक साळुंकी होती. ती बोलू लागली.

"राजा, कढई होती तिथं पुरून टाक. चिताऱ्या, तू तीन चित्रं काढ. पहिलं भुईचं, दुसरं गुरांचं, तिसरं माणसांचं. जे होतं तसं काढशील, ते परत येईल. तसं नसेल, ते येणार नाही. चिंचेचं शेवटचं पान गळेपर्यंत मुदत."

"माझी सगुणा येईल?" हैबतीनं विचारलं.

"होती तशी काढलीस, तर येईल."

राजानं कढई पुरली. चित्रासाठी आपल्या तंबूचं कापड उलगडून दिलं. रंग वाटायला कोणी नव्हतं, म्हणून अंगरखा काढून राजाच दगडाशी बसला.

"जाडं राहिलंय, महाराज," हैबती म्हणाला.

राजा पुन्हा वाटू लागला. वाटता वाटता म्हणाला, "घरं जरा मोठी काढ, चिताऱ्या. लोकांना बरं वाटेल."

"मोठी काढली तर येणार नाहीत, महाराज."

चिताऱ्यांची रीत अशी, की डोळे शेवटी काढायचे. डोळे उघडले की चित्र जागं होतं. भुईचे डोळे म्हणजे विहिरी. हैबतीनं त्या शेवटी काढल्या, आणि ओढा वाहू लागला, पडक्या भिंतींसकट घरं उभी राहिली. मग त्यानं गुरं काढली. लंगडी गाय लंगडत गोठ्यात शिरली. मग माणसं काढली. एकेकाचे डोळे उघडत गेले, तसा एकेक जण कापडातून उठून अंग झटकत बाहेर आला.

सगुणा त्यानं सगळ्यांत शेवटी काढली. हिरवं लुगडं, भरलेले गाल, काळेभोर केस. डोळे काढले. ती उठली नाही.

"ही कोण?" साळुंकीनं विचारलं.

"माझी सगुणा."

"ही लग्नाच्या मांडवातली. आताची कुठं आहे?"

हैबतीनं कुंचला उचलला, आणि त्याचा हात तसाच राहिला. कोणत्या बैलाच्या पाठीवर कुठं वळ आहे, हे त्याला ठाऊक होतं. बायकोचं तोंड आता कसं आहे, हे ठाऊक नव्हतं. चिंच बरीच उघडी पडली होती. त्यानं ती बाई खडूच्या पांढऱ्यानं पुसली आणि तो शेजारणीकडे गेला.

"बयाक्का, माझी सगुणा कशी दिसते गं?"

"आता इचारतोस व्हय रं, मुडद्या? जलमभर बाईला पाठ दावलीस!" बयाक्का कडाडली. मग लुगड्याच्या पदरानं डोळे पुसून म्हणाली, "केस पिकल्यात तिचं. भांगापाशी राखेगत दिसत्यात."

धाकलू तेली म्हणाला, "म्होरला एक दात न्हाई. ऊस खाताना गेला. समदं गाव हसलं, तीबी हसली. तू बांधाकडं बघत हुतास."

राजा आपला हात चोळत म्हणाला, "तिचा उजवा अंगठा बाहेर वळलेला असेल. वाटून वाटून माझा आत्ताच वळू लागलाय."

"खरं हाय, महाराज," बयाक्का म्हणाली.

हैबतीनं राखी केस काढले, पडका दात काढला, वाकडा अंगठा काढला. डोळे राहिले. ते कसे आहेत, कोणालाच सांगता येईना. चिंचेवर एकच पान होतं.

"महाराज, माझ्या ओट्यावर, माझ्या जागी बसा," हैबती म्हणाला. "शिवाराकडे तोंड करा."

राजा बसला. हैबती कापड घेऊन पाट्याशी, सगुणाच्या जागी बसला. तिथून शिवार दिसत नव्हतं. ओढा दिसत नव्हता, बैल दिसत नव्हते. दिसत होती ती एक पाठ. वाटता वाटता मान जराशी उचलावी लागे, हात कधी मागे येतो ते पाहायला.

हैबती बराच वेळ तसा बसला. मग त्यानं डोळे काढले. जरासे वर उचललेले, एका पाठीकडे लागलेले.

पान सुटलं. ते भुईला टेकण्याआधी सगुणा कापडातून उठली.

तिनं आधी ओट्याकडे पाहिलं. "तुमच्या जागी कोण बसलंय हे?"

"राजे आहेत."

"मग तुमी हितं काय करताय?"

"तुला बघतोय."

सगुणा हसली. दाताची खिंड दिसली. ती म्हणाली, "बघून झालं असंल तर उठा. रंग वाळतोय."

साळुंकी उडून गेली, शाप उतरला, आणि चिंचेला पालवी फुटली. राजा आपल्या नगरीला गेला. कढईला पुन्हा कोणी हात लावला नाही. हैबती त्या दिवसापासून ओट्यावर आडवा बसू लागला, एका अंगाला शिवार, एका अंगाला पाटा. वाटी घेताना तो मान वळवी. त्यामुळे चित्राला थोडा उशीर होई, पण त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

त्याला जसं त्याच्या पाठीमागचं माणूस दिसलं, तसं ऐकणाऱ्यांनाही आपापलं दिसो.