धुळबाची घरगुती वीज

पवनचक्क्यांच्या पठाराखाली एक गाव होतं, आणि त्या गावात धुळबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. पठारावरची वीज शहरात जायची. गावात नुसते खांब आले होते. लोक त्यांना म्हशी बांधत.

धुळबाच्या बायकोनं, कोंडाबाईनं, कोंबडीची पिलं आणायचं ठरवलं. दिवस कडाक्याच्या थंडीचे. ती म्हणाली, "अवो, उबेला बल्ब न्हाई लागला तर पिलं गारठून मरतील. कायबी करा."

पिलं यायच्या आधीच धुळबाचा जीव त्यांच्यात अडकला. तो सडकेवरच्या गॅरेजात हुसेन मिस्त्रीकडं गेला. मिस्त्रीनं मोडक्या ट्रकचा अल्टरनेटर काढून दिला. "ह्याला पाती बसव, बॅटरी जोड, बल्ब जोड. वाऱ्यानं फिरला की वीज!"

धुळबानं अल्टरनेटर अंगणात ठेवला. सकाळी तो दवानं चिंब.

"आरं, भिजू द्यायचा न्हाई," मिस्त्री म्हणाला. "वरनं घोंगडं घालायचं."

"बरं झालं सांगितलं. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलंही. पाती तयार झाली तशी त्यानं ती घोंगड्यात गच्च गुंडाळली आणि खांबावर चढवली. वारा घोंघावत होता, पाती मात्र ढिम्म.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "आरं, पाती कुणी झाकतं का? उंचावर, उघडी, वाऱ्याला तोंड करून ठेवायची!"

"बरं झालं सांगितलं. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी पिलं आली. धुळबानं खोक्याचं झाकण काढलं आणि खोकं थेट छपरावर, वाऱ्याला तोंड करून ठेवलं. कोंडाबाई किंचाळतच वर चढली. थरथरणारी पिलं तिनं पदरात घेतली. "अवो, जीव हाय का न्हाई तुमाला? असं कुशीत घ्यायचं, पोटाशी धरायचं!"

धुळबाला फार वाईट वाटलं. डोळे पुसत तो म्हणाला, "बरं झालं सांगितलं."

मिस्त्रीनं बॅटरी दिली, ती धुळबानं घरापर्यंत पोटाशी धरून आणली. मध्येच दमून रस्त्याकडेला तिला कुशीत घेऊन आडवाही झाला. आतलं तेजाब सांडलं आणि सदऱ्याला पोटावर खिडकी पडली.

एकदाचं सगळं जोडून झालं. पाती गरगर फिरली, पण बल्ब काही लागेना. पिलं चिवचिवत एकमेकांखाली शिरत होती. धुळबा पुन्हा पळत मिस्त्रीकडं.

मिस्त्री म्हणाला, "ट्रकचा अल्टरनेटर फुकट काय देत न्हाई. बॅटरीतनं आधी थोडी वीज त्याला द्यायची, मग फिरवायचं. मग बघ कसा भरभरून देतो!" त्यानं चिमटे लावलेल्या दोन वायरी हातात ठेवल्या.

धुळबा घोकतच निघाला. "आधी द्यायचं, मग फिरवायचं."

गावात शिरतो तो चावडीसमोर जीप उभी. वीज कचेरीचे साहेब आले होते. गावकरी हात जोडून उभे, आणि साहेब आत टेबलाशी चहा पीत म्हणत होते, "बघू, करू." सरपंच धुळबाच्या कानाशी लागले. "सायबाच्या मनात आलं तर आज गावाला वीज देईल. पर नुसता देत न्हाई. आधी थोडं द्यावं लागतंय."

"म्हंजी मिस्त्री म्हणाला तसंच!" धुळबाला हर्ष झाला. "थांबा, माज्याकडं हाय."

तो घरून बॅटरी घेऊन आला, मिस्त्रीच्या वायरी तिला जोडूनच. "सायब, तुमाला द्यायला आणलंय."

साहेबांनी रिवाजाप्रमाणे नजर आढ्याकडं लावली आणि हात हळूच टेबलाखाली पसरला. त्यामुळं धुळबाची चांगलीच सोय झाली. त्यानं एक चिमटा साहेबांच्या उजव्या कानाला लावला, दुसरा डाव्या.

साहेबांच्या बोंबेनं खांबांना बांधलेल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. कोंडाबाई पिलं पदरात घेऊन धावत आली. "अवो, हे काय मांडलंय?"

धुळबानं साहेबांच्या कमरेला घट्ट मिठी मारली, त्यांना उचललं आणि गरगर फिरवायला लागला.

"आगं, हितं काय बघतीस?" तो धापा टाकत ओरडला. "घरला पळ, आन् बल्ब लागला का सांग!"