घाम येणारे माठ

एका गावात एक कुंभार होता आणि त्याच्या माठांना घाम यायचा. माती तो मन लावून मळायचा, पण गिऱ्हाइकांची तक्रार बारमाही एकच: माठ गळतो.

"गळत नाही बाई, पाझरतो," तो सांगायचा. "ती ओल वाऱ्याने उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून तर पाणी गार."

बाई मान डोलवायची आणि विचारायची, "ते खरं हो, पण न गळणारा नाही का एखादा?"

सांगून सांगून त्याची जीभ झिजली. त्यात चैत्राच्या जत्रेआधी पाटलाचा निरोप आला. पाणपोईचे माठ बापाच्या वेळेपासून याच घरचे. "गेल्या साली माठांखाली नुसता चिखल. यंदा कोरडे माठ दे, नाहीतर शेजारगावच्या कुंभाराला सांगतो."

"जाऊन समजावून सांगा की," कुंभारीण म्हणाली.

"आता कुणाला काही सांगणार नाही. कोरडे हवेत ना? घ्या कोरडे."

त्याने तेलात राळ उकळली आणि सगळ्या माठांना बाहेरून लेप दिला. माठ आरशासारखे चमकू लागले. कुंभारणीने मात्र आपल्यापुरता घरचा जुना माठ गाडीत ठेवला.

जत्रेत सकाळी पाटील खूश होता. दुपारी ऊन चढलं आणि पहिल्याच माणसाने चूळ थुंकली. "पाटील, हे प्यायला ठेवलंय की आंघोळीला?"

पाटील तणतणत कुंभाराला शोधू लागला. तो लिंबाखाली जुन्या माठातलं पाणी पीत बसला होता. पाटलाने माठाला हात लावला. हात ओला झाला.

"हा तर गळतोय."

कुंभारणीने पेला भरून दिला. पाटलाने तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला.

"गळू दे," तो म्हणाला. मग कुंभाराकडे वळला. "तुला हे ठाऊक होतं, तर लेप दिलास कशाला?"

"तुम्ही कोरडे मागितलेत."

"अरे, मी पाटील आहे. कुंभार तू आहेस ना?"

पुढल्या साली पाणपोईवर कुंभाराचेच ओले माठ बसले. पण ते चमकणारे माठ, राळेचा वास मारतो म्हणून, कुणी धान्य भरायलासुद्धा नेले नाहीत.

तात्पर्य: गिऱ्हाइकाला आपली तहान कळते, माठ कळत नाही; वैतागून त्याच्या होला हो म्हणणारा त्याला तहानलेलं ठेवतो आणि स्वतःचा मालही घालवतो.